सूचना : विजय दिन, अपशिंगे आणि प्रतापगड

सर्व सभासदांना नमस्कार.

१६ डिसेंबरला सकाळी सात वाजता सातारा एसटी स्टँडसमोर जमायचे आहे. आधी अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले. तिथल्या स्मारकाला पुष्पचक्र वाहायचे, बस्स. भाषणे नकोत (मागणी आलीच आहे, तरीही नकोत). माजी सैनिकांनी पदके लावून यावे.

मग प्रतापगड. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी आपल्या जिल्ह्यातला हा एकच. प्लास्टिक वेचायला पोती, हातमोजे आणा. तटबंदीतली झुडपे मात्र कोणीही उपटू नयेत. मुळांबरोबर दगड निखळतात, ते काम जाणकारांचे. डबा घरचाच. नावे गुरुवारपर्यंत कळवा, गाडी सांगायची आहे.

– सचिव