मतपत्रिकेच्या तळाशी असलेली दोन नावे

सातारा

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की मतपत्रिका टपालाने घरी आली आहे, वरच्या सगळ्या जागांचा विचार करून झाला आहे, पण अगदी तळाशी अमेरिकेतल्या तुमच्या वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या, म्हणजे तुमच्या जिल्ह्याच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी जी दोन नावे आहेत त्यांच्यापुढे पक्ष लिहिलेला नाही, दोघांची निवेदने एकसारखी वाटतात, आणि म्हणून तो रकाना कोरा सोडावा असे तुझ्या मनात आहे. मी तेव्हा गप्प राहिलो. बत्तीस वर्षे न्यायाधीशांच्या आसनाखाली बसून ज्याने रोजनामा लिहिला, त्याला या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देणे जमण्यासारखे नव्हते. नागरिकत्व मिळाल्यानंतरचे हे तुझे पहिलेच मतदान आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम रकाना कोरा सोडण्याविषयी. वरच्या जागांवर निवडून येणारी माणसे तुला बहुधा दूरचित्रवाणीवरच दिसतील. परंतु डिस्ट्रिक्ट कोर्टाचा न्यायाधीश हा तुझ्या शेजाऱ्याला प्रत्यक्ष भेटणारा माणूस आहे. वाहतुकीचे दंड, दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटले, घरातल्या मारहाणीनंतर मागितलेले संरक्षण आदेश, एक लाख डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे, हे सगळे तिथे चालते. शिवाय दहा हजार डॉलरपर्यंतचे जे छोटे दावे माणसे एकमेकांवर लावतात, त्यांत तर वकिलाला सहसा उभे राहू दिले जात नाही. वादी आणि प्रतिवादी दोघांनी आपापले कागद हातात घेऊन स्वतःच बोलायचे असते. म्हणजे ज्या न्यायालयात सामान्य माणूस एकटा उभा राहतो, त्याच न्यायालयाचा रकाना मतदार सर्वांत जास्त वेळा कोरा सोडतात, आणि मग जे थोडे लोक तो भरतात त्यांच्याच मतावर चार वर्षांची नेमणूक ठरते.

न्यायाधीश मतांवर निवडावा हे मला आजही पूर्णपणे पटलेले नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो, त्याच्यावर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, आणि साधारण तीन वर्षांनी त्याची बदली होते. गावातल्या कोणाची मर्जी राखावी लागू नये हा त्यामागचा हेतू आहे. माहुलीच्या संगमावर फिरायला गेलो की रामशास्त्र्यांची आठवण होते. राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारा तो माणूस दर चार वर्षांनी पुण्याच्या पेठांतून मते मागत फिरला असता, तर तेवढाच निर्भय राहिला असता का, असा प्रश्न मनात येतो. पण तुमच्या वॉशिंग्टन राज्याने १८८९ साली राज्यघटना केली तेव्हापासून न्यायाधीश निवडण्याचा हक्क लोकांकडे ठेवला आहे, आणि तो हक्क आता तुझ्याकडे आला आहे. पद्धत मला पटते की नाही, यावर तुझे कर्तव्य अवलंबून नाही.

लोक हा हक्क कसा वापरतात ते मात्र पाहण्यासारखे आहे. तुमच्याच राज्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाचे विद्यमान मुख्य न्यायाधीश कीथ कॅलो यांचा चार्ल्स जॉन्सन नावाच्या, फारसा कोणाला माहीत नसलेल्या वकिलाने पराभव केला. जॉन्सन यांनी प्रचार असा केलाच नव्हता; जॉन्सन हे आडनाव लोकांच्या कानावरचे होते, एवढेच. पुढे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ त्या न्यायालयात काम केले, पण मत देणाऱ्यांना त्या दिवशी त्यांच्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. त्याच न्यायालयाच्या २०१२ च्या निवडणुकीत पदावर असलेल्या स्टीव्ह गोन्सालेस यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवाराने ना निधी जमवला, ना धड प्रचार केला. गोन्सालेस जिंकले खरे, परंतु राज्याच्या पूर्वेकडील अनेक काउंट्यांत त्या विरोधकालाच जास्त मते पडली, आणि त्याचे कारण गोन्सालेस या स्पॅनिश वळणाच्या आडनावात असल्याचे अभ्यासकांनी सांगितले.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण तुझ्या मतपत्रिकेवरील दोघांपैकी एका बाईंचे आडनाव आपल्याकडचे आहे आणि ते सांगताना तुझा आवाज थोडा आनंदी झालेला मला जाणवला. तो आनंद चुकीचा नाही. परक्या देशात आपल्यातले कोणी न्यायासनावर बसावे असे कोणालाही वाटेल. पण पूर्वेकडच्या काउंट्यांतल्या ज्या मतदाराने गोन्सालेस हे नाव वाचून पेन दुसऱ्या चौकोनाकडे नेले, त्याने जे केले तेच आपण उलट्या दिशेने करू नये. त्या बाईंना मत देशील तर त्यांची पात्रता पाहून दे.

आता निवेदने सारखी का वाटतात ते सांगतो. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने अमुक प्रकरणात मी असा निकाल देईन असे वचन द्यायचे नाही, असा तिथल्या न्यायिक आचारसंहितेचा नियम आहे. देणगीही त्याने स्वतः मागायची नसते, ती त्याच्या प्रचार समितीने गोळा करायची. म्हणून निःपक्षपातीपणा, अनुभव, सर्वांना समान वागणूक हेच शब्द दोघांच्याही निवेदनात येणार. तेव्हा निवेदनातले विशेषण सोडून दे आणि क्रियापद पाहा: हा माणूस गेली दहा-पंधरा वर्षे रोज सकाळी उठून काय करत होता? सरकारी वकील म्हणून खटले चालवत होता, गरिबांचा बचाव करत होता, की मोठ्या कंपन्यांचे करारनामे तपासत होता? यांपैकी काहीच वाईट नाही, परंतु न्यायालयाच्या खोलीत ज्याने कधी साक्षीदार तपासला नाही, त्याला पहिले वर्ष लोकांच्या खर्चाने शिकावे लागेल.

किंग काउंटीच्या वकील संघटनेची समिती उमेदवारांच्या मुलाखती घेऊन, त्यांच्यासमोर आणि त्यांच्याविरुद्ध काम केलेल्या वकिलांना विचारून, 'अत्यंत सुयोग्य' पासून 'अपात्र' पर्यंत श्रेणी देते. आशियाई वकिलांच्या संघटनांचीही अशीच एक संयुक्त समिती आहे. त्या श्रेणी अवश्य पाहा. एखाद्याने मुलाखतीला जाण्याचेच टाळले असेल तर त्याचे कारण शोध. तरीही वकिलांनी दिलेली श्रेणी ही वकिलांच्या खुर्चीतून दिसलेली गोष्ट असते, हे लक्षात ठेव. कोणाकडून किती पैसे आले हेही राज्याच्या सार्वजनिक प्रकटन आयोगाकडे नोंदवलेले असते, आणि ते कोणालाही पाहता येते. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने २००४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले, आणि तोच न्यायाधीश पुढे त्या कंपनीविरुद्धच्या पाच कोटींच्या निकालावरील अपिलात बसला. त्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायला हवे होते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये सांगावे लागले.

पण पैशाचा हिशेब नेहमीच आधी उघडा पडतो असे नाही. पेनसिल्व्हेनियातील लुझर्न काउंटीचे प्रकरण वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मार्क सियाव्हरेला नावाचा तिथला न्यायाधीश मुलांचे खटले चालवत असे. कडक शिस्तीचा माणूस म्हणून त्याचा लौकिक होता. खासगी सुधारगृहाच्या बांधकामाशी आणि मालकीशी संबंधित लोकांकडून तो आणि त्याचा एक सहकारी न्यायाधीश मिळून सुमारे अठ्ठावीस लाख डॉलर घेत होते, आणि इकडे मुले क्षुल्लक कारणांसाठी सुधारगृहात जात होती. हे चालू असतानाच, २००५ साली, मतदारांनी त्याला आणखी दहा वर्षांसाठी कायम केले. पुढे हजारो मुलांचे निकाल रद्द झाले आणि त्याला २०११ मध्ये अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. लाच मतदाराला दिसणे शक्य नव्हते हे मी मान्य करतो. परंतु वकिलाशिवाय उभी केलेली मुले काही मिनिटांत दोषी ठरत होती, हे तर त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला दिसत होते. खोलीत खुर्च्या होत्या, टंकलेखक होते, शिपाई होते, माझ्यासारखे कारकून होते. त्या कारकुनांचा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

म्हणून मी जे पाहिले ते तुला सांगतो. एका तालुक्याच्या न्यायालयात असताना वाटपाच्या दाव्यातील एक म्हातारी प्रतिवादी दर तारखेला पहाटेच्या एसटीने येत असे. तेव्हाचे साहेब कायद्यात अतिशय हुशार होते आणि त्यांचे निकाल अपिलात सहसा फिरत नसत. तिचा वकील आला नाही की साहेब मान वर न करता 'पुढची तारीख' म्हणत, मी रोजनाम्यात 'प्रतिवादी हजर, वकील गैरहजर, प्रकरण तहकूब' असे लिहीत असे, आणि म्हातारी पुकारा झाला त्या जागीच उभी राही, कारण झाले काय हे तिला कळलेलेच नसे. शेवटी शिपाई तिला हाताला धरून बाहेर नेई. पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिल्याच तारखेला पेन खाली ठेवले आणि विचारले, "आजी, आज तुम्ही कशासाठी आला आहात, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे का?" तिने पदराच्या गाठीतून एक कागद काढला. गावच्या तलाठ्याने दिलेला फेरफाराचा उतारा होता तो. दोन वर्षे ती तो बरोबर आणत होती आणि तो दाखल करायचा असतो हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या वकिलाला त्याच दिवशी बोलावणे गेले आणि कागद दाखल झाला. त्या चौकशीला चार मिनिटेही लागली नव्हती.

केवळ गोड बोलणे पुरेसे नसते, हेही सांगायला हवे. प्रत्येकाची विचारपूस करणारे आणि कोणालाही दुखवू नये म्हणून निकालच न देणारे एक साहेबही मी पाहिले; त्यांच्या काळात बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, एवढे तुंबले की पक्षकार मेले आणि वारस दाखल करण्याचे अर्ज येत राहिले. मला विचारशील तर मी एकच गोष्ट पाहीन: ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, तो माणूस समोर आला की हा न्यायाधीश ऐकतो का, आणि ऐकून झाल्यावर ठरवतो का.

हे घरबसल्या कळणार नाही. मागच्या उन्हाळ्यात तुझ्याकडे असताना एका सकाळी मी तुमच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसलो होतो, हे तुला आठवत असेल. दारावरच्या तपासणीपलीकडे मला कोणी काही विचारले नाही. एका वयस्कर माणसासाठी दुभाषी होता, आणि न्यायाधीश बाई दुभाष्याकडे न पाहता त्या माणसाकडे पाहून बोलत होत्या, वाक्य संपले की थांबत होत्या. मला इंग्रजी सगळे कळले नाही, पण त्या बाईंविषयी जे कळायचे ते कळले.

तुझ्या दोघांपैकी एक जण सध्या पदावर आहे. पण पदावर आहे म्हणजे लोकांनीच निवडले असेल असे समजू नकोस. मध्येच जागा रिकामी झाली तर डिस्ट्रिक्ट कोर्टावर काउंटीचे मंडळ नेमणूक करते, आणि तू सांगितलेस त्यावरून यांची नेमणूक तशीच झालेली आहे. तेव्हा एक सकाळ रजा काढ आणि त्यांच्या खोलीत जाऊन बस. आपल्या आडनावाच्या बाई वकील आहेत. त्या कधी हंगामी न्यायाधीश म्हणून बसल्या आहेत का ते विचार, नाहीतर त्या वकील म्हणून उभ्या असतील तेव्हा समोरच्या पक्षाशी आणि कारकुनाशी कशा बोलतात ते पाहा. पदावरच्या न्यायाधीशाविरुद्ध न्यायिक आचरण आयोगाने काही कारवाई केली असेल तर तीही जाहीर असते, ती वाच. यातून कोणाचे नाव निघेल ते मला आधी सांगू नकोस. माझ्या मताचा भार त्यात नको.

पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पेटीत पडले पाहिजे, आणि टपालाने पाठवलेस तर त्यावर त्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा, तेव्हा शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून पाहतात. तू सही मराठीत करतेस. नोंदणीच्या वेळी मराठीत केली होतीस की इंग्रजीत, ते नीट आठव आणि तीच कर. जावईबापूंना आणि मुलांना आशीर्वाद. आई लसणीच्या चटणीची पुडी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे.

तुझे
बाबा