ओपन सोर्स म्हणजे पेटंटमुक्त नव्हे

महोदय,

अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नाशिकच्या लहान कंपन्यांत एक समज घट्ट बसला आहे: ओपन सोर्स (कोणालाही वापरायला खुला) कोड घेतला की कायद्याची कटकट मिटली. परवान्याच्या अटी पाळल्या तर कॉपीराइटपुरते हे खरे आहे, पेटंटच्या बाबतीत नाही.

परवाना कोडचा लेखक देतो आणि त्याला फक्त स्वतःचेच हक्क देता येतात. पेटंट असते पद्धतीवर. कोडची ओळन् ओळ स्वतः लिहिली, तरी ती पद्धत तिसऱ्याच्या नावावर असेल तर उल्लंघन होतेच. जीआयएफ हा चित्रांचा प्रकार १९८७ पासून सगळे वापरत होते. त्यातल्या माहिती आकसून साठवण्याच्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिस या कंपनीचे पेटंट असल्याचा गाजावाजा झाला १९९४ च्या अखेरीस, आणि प्रोग्रामरांना पीएनजी हा पर्यायी प्रकार नव्याने घडवावा लागला.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(के) 'निव्वळ' संगणक प्रोग्रामला आणि अल्गोरिदमला पेटंट नाकारते. सगळा वाद या 'निव्वळ' शब्दाचा. तो २००२ च्या दुरुस्तीने आला. २००४ च्या वटहुकमाने दार आणखी उघडले होते, ते संसदेने २००५ मध्ये लावून घेतले. पुढे पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये नव्या हार्डवेअरची अट घातली आणि २०१७ मध्ये काढून टाकली. २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणात प्रोग्रामने तांत्रिक परिणाम साधला तर पेटंट मिळू शकते, यावर दिल्ली उच्च न्यायालयाने भर दिला. नाशिकला याची झळ जास्त, कारण सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचे नियंत्रण किंवा कॅमेऱ्याने सुट्या भागांची तपासणी ही कामे नेमकी 'तांत्रिक परिणाम' दाखवता येण्याजोगी आहेत.

म्हणून माल देण्याआधी वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) परवाना आवृत्तीसह लिहून ठेवावा. एमआयटी आणि बीएसडी या ओपन सोर्स परवान्यांत पेटंटचा उल्लेखच नाही. अपाची २.० (कलम ३) आणि जीपीएल ३ (कलम ११) यांत योगदान देणाऱ्यांकडून पेटंटची परवानगी स्पष्ट मिळते, पण बाहेरच्या पेटंटधारकाला ती बांधत नाही. मशीन परदेशी जाणार असेल तर तिथली पेटंटे लागू होतात, व्हिडिओ आकसून साठवणारे एच.२६४ सारखे कोडेक वेगळे तपासावेत.

स्वतःची पद्धत दुसऱ्याने अडवू नये असे वाटत असेल तर ती वेळीच जाहीर करावी, कारण आधी जाहीर झालेल्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली तारीख बदलता येते, त्यामुळे एकटी ती पुरावा म्हणून लंगडी पडते. सार्वजनिक आवृत्ती आणि तारखेसह छापील माहितीपुस्तिका जास्त टिकते.

दुसऱ्याचे पेटंट रोखण्याचे सर्वांत दुर्लक्षित हत्यार पेटंट कायद्याच्या कलम २५(१) चे आहे. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर सहा महिने तरी पेटंट देता येत नाही. प्रसिद्धीनंतर पेटंट मिळेपर्यंत कोणतीही व्यक्ती नमुना ७-अ भरून विरोध करू शकते. २०२४ पासून त्याला शुल्क आहे आणि विरोध ऐकण्याजोगा आहे का, हे आधी पाहिले जाते. 'हे जुनेच आहे' एवढ्याने भागत नाही. अर्जातल्या प्रत्येक दाव्यासमोर जुन्या पुराव्यातला नेमका मजकूर मांडावा लागतो. पेटंट मिळून गेल्यावर विरोधाचा हक्क केवळ हितसंबंधितांना आणि एकच वर्ष उरतो.

पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते आणि फुकट वाचता येते. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यातले संगणकाशी संबंधित अर्ज वाचायला लावावेत, आणि उद्योजक संघटनांनी विरोधाच्या शुल्काचा भार उचलावा, ही कळकळीची विनंती.

— सॉफ्टवेअर व्यावसायिक, नाशिक