डबा आपला, चावी केबलवाल्याकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडा, अर्ध्या इमारतीची ओळख होते. कुणाचे आडनाव, कुणाचा फ्लॅट नंबर, कुणाच्या नातवाचे लाडके नाव. पासवर्ड विचारायचीही गरज नसते. जोडणी करायला आलेल्या मुलाने घाईघाईत ग्राहकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकलेला असतो, नाहीतर नावापुढे १२३. आणि सभासदांचे मोबाइल नंबर खाली सूचनाफलकावर, थकबाकीदारांच्या यादीशेजारी, टाइप करून लावलेले असतात. फलक नसला तरी फारसे अडत नाही. आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा आकडी, तोही ६ ते ९ पैकीच एका आकड्याने सुरू होणारा. फोन आणि राउटर (वायफायचा डबा) यांच्यात जोडताना होणारी देवाणघेवाण कुणी हवेतून टिपून घेतली, की असे सगळे नंबर लावून बघणे हे गेमिंगच्या चांगल्या संगणकाला काही तासांचे काम आहे.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. साहजिकच नेट अडले की शेजारीपाजारी माझे दार वाजवतात. त्यांना माहीत असतो तो वायफायचा पासवर्ड. राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, अॅडमिनचा, हे बहुतेकांच्या गावीही नसते. राउटर टीव्हीच्या शोकेसमागे धूळ खात असतो. तो उलटा केला की तळाच्या चिकटपट्टीवर भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकायचा, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे ‘अॅडमिन’ लिहायचे, आणि कितीतरी घरांत दार सताड उघडते. वायफायचा पासवर्ड कळलेला माणूस फुकट नेट वापरेल. या दुसऱ्या दारातून शिरलेला माणूस मात्र तुमची वाहतूकच वळवू शकतो. ब्राझीलमध्ये २०१८ साली राउटरमधली डीएनएसची (टाकलेला पत्ता कुठल्या संगणकाकडे न्यायचा हे सांगणाऱ्या यंत्रणेची) नोंद परस्पर बदलून बँकांच्या ग्राहकांना हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानांवर नेले गेले. ग्राहकाने पत्ता बरोबरच टाकलेला होता. अशा वेळी ब्राउझर इशारा देतो म्हणतात. देतो, आणि आपण तो न वाचता ‘पुढे जा’ दाबतो.

फुकट नेटही वाटते तितके निरुपद्रवी नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी माध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वायफाय कुणीतरी वापरले होते. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा मागे लागायचा तो लागलाच. आयपी पत्ता, म्हणजे नेटच्या जोडणीचा नंबर, ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याकडे येणार.

आता तक्रार. आमच्या भागातल्या नेटवाल्याकडे मी अॅडमिन पासवर्ड मागितला. उत्तर आले, “काका, तुम्हाला कशाला पाहिजे? काही प्रॉब्लेम आला तर फोन करा ना.” त्याची बाजू मला समजते. लोक नको तिथे हात घालतात, जोडणीची सेटिंग पुसतात आणि मग रात्री अकराला फोन करतात. पण फायबरच्या अनेक डब्यांत दोन लॉगिन असतात, एक पुरवठादाराचे आणि एक साधे, ज्यातून वायफायचे नाव-पासवर्ड आणि त्या लॉगिनचा स्वतःचा पासवर्ड एवढे बदलता येते. ते दुसरे तरी द्या! आणि पुरवठादाराचे लॉगिन गावभर एकच ठेवू नका. एका घरात ते कळले की सगळी गल्ली उघडी पडते.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच सरधोपट पासवर्ड देऊन अशी उपकरणे विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्या दूरसंचार विभागाच्या टीईसी या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या केंद्रानेही २०२१ मध्ये घरगुती ‘स्मार्ट’ उपकरणांसाठी आचारसंहिता काढली, तिचे पहिलेच कलम हे आहे. कागद छान आहे. भिंतीवर डबा ठोकणाऱ्या मुलापर्यंत तो पोचवायची जबाबदारी कुणाची, एवढे ठरायला हवे. माझी सूचना साधी आहे: जोडणीच्या पावतीवर एक रकाना छापा, ‘दोन्ही पासवर्ड ग्राहकासमोर बदलले’, आणि त्यापुढे ग्राहकाची सही घ्या.

तोवर ज्यांना स्वतः करायचे आहे त्यांनी रविवारी सकाळी करावे. वायफायचा पासवर्ड बदलला की टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा सगळे एकदम तुटते आणि एकेक पुन्हा जोडत बसावे लागते. याच कंटाळ्यापायी लोक विषय टाळतात. मागच्या भोकात टाचणी खुपसून रीसेट मात्र करू नये, पुष्कळ डब्यांत पुरवठादाराचे युजरनेमही त्यासरशी जाते आणि नेट बंद. नवा पासवर्ड कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तरी चालेल. ‘लिहून ठेवू नका’ हा उपदेश ऑफिसात ठीक आहे. परदेशात बसलेला चोर तुमचे कपाट उघडायला येत नाही. पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरमध्ये वेगळे गेस्ट वायफाय असते, भाचरांना तेच द्यावे.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विचारायचे आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने कंपनीतून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून जगभरचे राउटर, कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे डबे) ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास अडवल्या. वॉचमनच्या केबिनमधला आपला डीव्हीआर त्याच जातीचा आहे. त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, हा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. रंगकामाच्या आधी, कारण रंगकामानंतर सभेला कुणी थांबत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)