स्टार द्यायचा, पण माप घेऊन

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स टीमचं, आपला स्टार देऊन, काय झालं ते बघून कुठल्याच टीमनं आपला स्टार दुसऱ्या टीमला कधीच देऊ नये. बास्केटबॉलवरचं पत्र आपण छापलंत याचं आधी बरं वाटलं, आपल्याकडं क्रिकेट सोडून दुसरं काही बोलायला माणूस मिळत नाही. पण त्यातलं म्हणणं मला पटलं नाही म्हणून लिहितोय.

माझा धंदा शाळेच्या युनिफॉर्मचा, कटिंग टेबलवर वीस वर्षं गेली, आणि रोज सकाळी दोन तास पोरांना बास्केटबॉल शिकवतो. २ फेब्रुवारी २०२५ चा तो रविवार अजून डोळ्यासमोर आहे. मॅच संपवून पोरं कट्ट्यावर बसली होती, पावणेअकराच्या आसपास एकाच्या मोबाईलवर बातमी आली की डॅलसचा स्टार लुका डॉन्चिच लॉस एंजलिसच्या लेकर्स टीमकडं गेला आणि बदल्यात अँथनी डेव्हिस डॅलसला. मी म्हणलो फेक आहे बे, कुणीतरी अकाउंट हॅक केलं असणार. अर्ध्या तासानं कळलं की खरंच आहे, आणि लुकाला स्वतःलाही आधी काही माहीत नव्हतं.

आता डॅलसचे मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं काय होतं, तर डिफेन्सनं चॅम्पियनशिप जिंकतात. वाक्य चुकीचं नाही ओ. लुकाचा डिफेन्स कच्चा होता, फिटनेसवर बोलणं होतंच, त्या वेळी तो पोटरीच्या दुखापतीनं बाहेर होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला ३४ कोटी डॉलरच्या वरचं कॉन्ट्रॅक्ट द्यावं लागणार होतं. डेव्हिस म्हणजे रिंगसमोरची भिंत. कागदावर बघितलं तर स्टार देऊन फिट बसणारा खेळाडू घेतला असंच वाटतं.

पण फिट कशात बसणार ते बघायला नको का? डॅलसची अख्खी टीम लुकाच्या हातावर शिवलेली होती. लाईव्हली आणि गॅफर्ड हे दोघं उंच सेंटर कशासाठी होते, तर लुका ड्रिबल करत आत घुसणार, दोन-तीन जण त्याच्यावर धावणार आणि तो रिंगच्या वर बॉल टाकणार, तो यांनी हवेतच घ्यायचा. बाकीचे कोपऱ्यात थ्रीसाठी, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट मारायला, उभे. याच साच्यावर ते २०२४ ला फायनलला गेले, बोस्टनकडून ४-१ हरले पण गेले, त्या सीझनला लुकाचं ॲव्हरेज ३३.९ पॉइंट होतं, लीगमध्ये एक नंबर. डेव्हिस कितीही मोठा असला तरी तो स्वतःच मोठ्या मापाचा खेळाडू, आणि त्याला शेजारी आणखी एक सेंटर लागतो. म्हणजे ज्या जागी गर्दी होती तिथं अजून एक आला आणि जिथून सगळं सुरू व्हायचं ती जागा रिकामी झाली. वर वयाचं बघा, पंचवीसचा पोरगा देऊन एकतीसचा, आधीपासून दुखापतीत अडकणारा माणूस घेतला.

८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डेव्हिसची पहिली मॅच, ३१ मिनिटांत २६ पॉइंट, १६ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), ७ असिस्ट (ज्यावर पॉइंट होतो तो पास), आणि तिसऱ्या क्वार्टरला जांघेपाशी हात लावून बाहेर गेला तो सहा आठवडे. मार्चमध्ये डॅलसचा बॉल खेळवणारा दुसरा खेळाडू कायरी अर्व्हिंग, त्याचा गुडघा गेला, मग बॉल कुणाकडं द्यायचा हाच प्रश्न. पुढं नशिबानं १.८ टक्के चान्स असताना नवे खेळाडू पहिल्यांदा कुणी निवडायचे याची लॉटरी लागली आणि कूपर फ्लॅग हा तरुण खेळाडू मिळाला ते वेगळं, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनना काढलंच.

तरीपण यावरून स्टार द्यायचाच नाही असं ठरवणं म्हणजे एक शर्ट बिघडला म्हणून कात्रीच टाकून देणं झालं. जून २०२४ मधलं ओक्लाहोमा सिटी थंडरचं बघा. जॉश गिडी, एकवीस वर्षांचा, ड्राफ्टमध्ये म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत सहाव्या नंबरला घेतलेला, त्यांचा उगवता स्टार. पास सुंदर देतो पण बाहेरून शूट बसत नव्हतं, आणि टीमकडं बॉल हातात ठेवून खेळवणारा शाय गिल्जस-अलेक्झांडर आधीच होता. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये याच डॅलसनं गिडीला बाहेर मोकळा सोडला, त्याच्यावरचा माणूस सरळ आत रिंगखाली उभा, म्हणजे शायला आत घुसायला वाटच नाही. शेवटी गिडीला सुरुवातीच्या पाचातून काढावं लागलं. सीझन संपल्यावर थंडरनं त्याला शिकागोला देऊन ॲलेक्स करुसो घेतला, सरळ एकास एक. करुसो तीस वर्षांचा, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाही नव्हता. पॉइंट बघितले तर लई लहान खेळाडू. आणि मे २०२५ ला डेन्व्हरविरुद्ध सातव्या मॅचला याच करुसोला त्यांनी त्यांच्या स्टार निकोला योकिचवर लावला, जवळजवळ अर्ध्या फुटानं उंच माणूस, हा त्याच्यापुढं जाऊन उभा राहायचा, पास पोचू द्यायचा नाही. मॅच थंडरनं १२५-९३ नं जिंकली. पुढच्या महिन्यात ट्रॉफी पण त्यांचीच. तिकडं गिडीलाही शिकागोत बॉल हातात मिळाला आणि तो खुलला. असा ट्रेड असतो बघा, भोक कुठं आहे ते आधी दिसलं आणि तेवढ्याच मापाचं कापड लावलं.

मी हे फक्त टीव्ही बघून बोलत नाही. दोन वर्षांमागं आमच्या रविवारच्या टीममधला सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा पोरगा मीच समोरच्या टीमला दिला आणि त्यांचा उंच पोरगा घेतला, रिबाउंड मिळत नव्हते म्हणून. पहिल्याच मॅचला त्या उंच पोरानं रिबाउंड घेतला, दोन्ही हातांनी बॉल डोक्यावर धरला आणि नुसता उभा. बाकीचे चौघं पाठ करून पुढं पळालेले. त्याला द्यायला कुणी नाही आणि पुढच्यांना घ्यायला थांबायचं असतं हेच ठाऊक नाही, कारण इतके दिवस ते काम एकटाच करायचा. टाइमआउटला कुणी माझ्याकडं बघंना. चूक माझी होती, मी पोरांना दोष दिला नाही.

आता परत तसाच प्रश्न आलाय. आमच्या एका गार्डचं नाव सगळ्या ग्राउंडवर आहे, पण त्याला बॉल लागतो आणि आमच्याकडं बॉल ठेवणारा दुसरा त्याच्याहून बरा आहे. समोरच्याकडं एक बारका पोरगा आहे, मॅचला चार-सहा पॉइंट, पण ज्याच्या अंगाला चिकटतो त्याला श्वास घेऊ देत नाही. या वेळी महिनाभर वहीत लिहून बघितलंय, आमचे बॉल ठेवणारे दोघं एकत्र असताना पास किती तुटतात ते. अदलाबदल करायचं ठरवलंय. फक्त आमच्या त्या गार्डला मोबाईलवरून कळू द्यायचं नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आधी त्याच्याशी आणि मग त्याच्या वडिलांशी बोलणार आहे.

आपला,
एक बास्केटबॉलवाला
अशोक चौक, सोलापूर