नायट्याच्या गोळ्या सात दिवसांच्या नकोत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

नायटा, गजकर्ण हा एके काळी पावसाळ्यातला आजार होता. आता नागपुरात तो बारमाही झाला आहे. सरकारी दवाखान्यात त्यावर बहुधा आठवड्याच्या गोळ्या मिळतात. खाज थांबते, रुग्ण फिरकत नाही, आणि कातडीच्या वरच्या थरात उरलेली बुरशी पुन्हा पसरते.

वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठात नायट्याच्या २०० रुग्णांवर बुरशी मारणाऱ्या चार औषधांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनंतर इट्राकोनाझोलने ६६ टक्के रुग्ण बरे झाले, फ्लुकोनाझोलने ४२, टर्बिनाफिनने २८ आणि ग्रिसिओफल्विनने १४. चार आठवड्यांना मात्र एकाही औषधाचा आकडा ८ टक्क्यांच्या वर गेला नव्हता. म्हणजे औषध बदलून मुदत तीच ठेवली तर हाती काही लागणार नाही. शिवाय फ्लुकोनाझोलचे ते ४२ टक्के रोजच्या डोसचे आहेत. आठवड्याला १५० मिलिग्रॅमची एक गोळी देऊन तसा गुण येईल अशी आशा धरू नये.

टर्बिनाफिन एवढे मागे का पडले? ते बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करते, त्याच्याच जनुकात ट्रायकोफायटन इंडोटिनी या सध्याच्या बुरशीने बदल करून घेतला आहे.

म्हणून खरेदीच्या यादीत इट्राकोनाझोलला पहिले स्थान द्या : १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, भरपेट जेवणानंतर लगेच. निदान सहा ते आठ आठवड्यांचा साठा एका रुग्णामागे धरावा लागेल. आणि एक गोष्ट परिपत्रकातच लिहा : सोबत पॅन्टोप्राझोल नको. आपल्याकडे कुठल्याही चिठ्ठीवर गॅसची गोळी आपोआप चढते. ही कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागते. तेच दाबले तर महागडे औषध शोषले न जाताच बाहेर पडते. हृदय कमजोर असलेल्यांना, गरोदर महिलांना आणि सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांना हे औषध देऊ नये. यकृताचा त्रास असेल तर आधी रक्त तपासावे.

निदानाला फार खर्च नाही. चट्ट्याच्या कडेचा (मधला नव्हे) कोंडा खरवडून काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि १०-१५ मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का ते पाहायचे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासतात, तिथे हेही जमेल.

राहता राहिले मलम. क्लोबेटासॉल हे तीव्र स्टिरॉइड मिसळलेली मलमे नागपूरच्या इतवारी बाजारापासून खेड्यातल्या मेडिकल स्टोअरपर्यंत चिठ्ठीविना विकली जातात. त्यांनी लाली जाते, बुरशी मात्र वाढते, आणि चट्ट्याची ओळखही पटेनाशी होते. मार्च २०१८ मध्येच केंद्राने अशा स्टिरॉइड मलमांना अनुसूची एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, टाकले आहे. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात नसेल, तर संबंधित मंत्र्यांना एवढेच विचारावे, की या मलमांच्या विक्रीची बिले चिठ्ठ्यांशी ताडून पाहण्याची तपासणी नागपूर विभागात कधी सुरू होणार?

आपले,
त्वचारोग उपचार क्षेत्रातील डॉक्टर, नागपूर