वाचलेली मिनिटं आणि बंद पडलेलं चालणं: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नवा उड्डाणपूल झाला की प्रवासाची किती मिनिटं वाचली ते आपण सांगता. वाचत असतीलही. पण त्याच पुलापायी किती जणांचं चालणं बंद पडलं, याचा हिशेब आपल्या खात्यात कुणी ठेवत नाही. तो ठेवावा, एवढंच मागणं आहे.

हालचाल थांबली की काय होतं, याचा एक जुना दाखला देतो. लंडनच्या डबलडेकर बसवर ड्रायव्हर पाळीभर बसून असे, तर कंडक्टर दिवसाला पाचसहाशे पायऱ्यांची चढउतार करी. ब्रिटिश आरोग्य-संशोधक जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवून दिलं की हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये बरंच जास्त आहे. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेने रुंद असल्याचं दिसलं. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. पण पायी टपाल वाटणारे आणि टेबलावर काम करणारे यांच्यातही तसाच फरक आढळला होता. या कंडक्टर-पोस्टमनना कुणी 'व्यायाम करा' म्हटलं नव्हतं. तो कामातच होऊन जात होता.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगते. बसने जाणारा माणूस घर ते थांबा आणि थांबा ते ऑफिस मिळून पंधरा मिनिटं झपझप चालला, येताना तेवढाच, तर पाच दिवसांत कोटा पूर्ण! दारातून दारात नेणारी गाडी नेमकी हीच मिनिटं खाते. मग तीच हालचाल वेगळा वेळ काढून, बहुधा पैसे मोजून करावी लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, त्याचं काय?

चौकातला सिग्नल बघा. पादचारी सेकंदाला 1.2 मीटर चालेल असं बऱ्याचदा धरलेलं असतं. म्हणजे बारा मीटर रस्त्याला दहा सेकंद. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या आजींना पंधरा लागतात. त्या मधेच अडकतात, दोनदा हॉर्न ऐकतात आणि पुढच्या वेळी रिक्षा करतात. वर पादचारी पूल बांधून आपण त्यांनाच जिना चढायला लावता.

गाड्या बंद करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक प्रकल्प अहवालात एक रकाना वाढवा: माणूस आधी किती चालत होता आणि नंतर किती चालेल. आकडा घटत असेल, तर आराखडा मंजुरीआधी परत पाठवा.

कळावे,
एक पादचारी