सांडपाण्याच्या चाचणीत मासेच कशाला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कारखान्यांचे सांडपाणी नदीत सोडण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत 'बायोअसे'ची, म्हणजे जिवंत प्राण्यांवर विषारीपणा तपासण्याची अट आहे. पाणी न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, असे ती सांगते. सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे तिच्याविषयी लिहावेसे वाटले.

काचेच्या टाकीत दहा मासे सोडायचे आणि दर चोवीस तासांनी मोजदाद करायची, असे या कामाचे स्वरूप. पाणी वाईट असेल तर मासे आधी वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, मग तोल जाऊन एका कुशीवर तरंगतात. कल्ल्यांची हालचाल थांबली आणि शेपटीच्या बुंध्याला काचकांडीने स्पर्श करूनही मासा हलला नाही की वहीत 'मृत' असे लिहायचे. एक मेला तर नमुना उत्तीर्ण, दोन मेले तर अनुत्तीर्ण. निकाल हाती येईपर्यंत चार दिवस गेलेले असतात आणि प्रक्रिया केंद्रातले ते पाणी केव्हाच नाल्याला लागलेले असते. आम्ही नेमके कोणाला वाचवत होतो, हा प्रश्न मला तेव्हाही पडत असे.

जर्मनीतही सांडपाण्यासाठी अशीच चाचणी होती. तिथे २००५ पासून तिची जागा झेब्राफिशच्या अंड्यांनी घेतली. हा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. सकाळी दिवे लागले की मादी अंडी घालते. एकेक अंडे जेमतेम मिलिमीटरभराचे आणि काचेसारखे पारदर्शक असते. ते सांडपाण्याच्या थेंबभर नमुन्यात ठेवले की ४८ तासांत सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर मिळते: अंडे गोठून पांढरे पडले का, शेपटी मोकळी झाली का, हृदय धडधडते का. विशेष म्हणजे कसोटी तीच, ९० टक्के अंडी शाबूत राहण्याची. म्हणून निकष सैल होईल ही भीती मला पटत नाही. युरोपीय कायद्यानुसार स्वतः खाऊ लागण्यापूर्वीचा हा गर्भ प्रायोगिक प्राण्यांत मोडत नाही. ती रेषा नैतिकदृष्ट्या कुठे ओढावी यावर वाद होऊ शकतो, मलाही ती पूर्ण पटलेली नाही. पण चार दिवस गुदमरणारा पूर्ण वाढीचा मासा आणि दोन दिवसांचे अंडे यांत फरक आहे, हे नाकारता येत नाही.

नव्या रसायनांच्या बाबतीतही वारे याच दिशेने वाहत आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या जुन्या २०३ क्रमांकाच्या चाचणीत रसायनाच्या कमी-जास्त तीव्रतेचे पाच गट आणि रसायनाविना ठेवलेला एक नियंत्रण गट, प्रत्येकी किमान सात मासे, म्हणजे एका रसायनामागे किमान ४२ मासे लागतात. त्याच संस्थेने २०१३ मध्ये झेब्राफिशच्या गर्भावरील, तर २०२१ मध्ये रेनबो ट्राउट या माशाच्या कल्ल्यांतील पेशींवरील चाचणी मान्य केली. पेशींच्या चाचणीला २४ तास पुरतात. या दोन्ही नव्या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. उदाहरणार्थ, अलिल अल्कोहोल हे रसायन मोठ्या माशाच्या शरीरात गेल्यावर विषारी रूप धारण करते, पेशींना आणि गर्भाला मात्र त्याचा तितका त्रास होत नाही. त्यामुळे माशांवरची चाचणी सरसकट बंद करा, असे मी म्हणत नाही. शंका उरेल तिथे ती शेवटी व्हावी, पहिली पायरी म्हणून नव्हे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सहाव्या अनुसूचीतील त्या ओळीत अंड्यांवरील चाचणीला पर्याय म्हणून मान्यता द्यावी आणि पहिले वर्षभर काही केंद्रांवर दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी चालवून निकाल पडताळावेत. गाळातले सूक्ष्मजीव पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक बहुतेक केंद्रांत असतोच. अंड्यांसाठी जोडीला २६ अंशांवरची एक टाकी आणि रोज सकाळी वेळेवर येणारा माणूस लागेल.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, डोंबिवली